तारखेला कोण जाणार

वकीलबाईंचा फोन शुक्रवारी दुपारी आला, तेव्हा आजी निमंत्रणाच्या शेवटच्या आठ पाकिटांवर पत्ते लिहीत बसली होती. वरच्या कोर्टात नऊ वर्षं पडून राहिलेलं आरोपीचं अपील अखेर बोर्डावर आलं होतं. शेवटची सुनावणी. बाईंनी तारीख सांगितली आणि आजीनं सवयीनं ती हातातल्या पाकिटाच्या मागे लिहून घेतली. फोन ठेवल्यावर तिनं आतलं कार्ड बाहेर काढून पाहिलं. पाहायची गरज नव्हती, तारीख तिला पाठ होती. त्याच मंगळवारी साडेअकराला नोंदणी कार्यालयात खारूचं लग्न होतं.

तिनं लिहिणं थांबवलं नाही. आठही पाकिटं पुरी केली, चिकटवली आणि गुडघ्यावर हात ठेवत जिना उतरून खाली लॅबमध्ये गेली. खारूची आई एका कवळीच्या मेणात दात बसवत होती. भोवतीच्या फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले, प्रत्येकाच्या बुडाला पेन्सिलीनं आडनाव.

"मी लग्नाला येत नाही," आजी म्हणाली. "तारीख आलीय."

खारूच्या आईनं मान वर केली नाही. "हा दात बसू दे, मग बोलू," ती म्हणाली. दात बसला, पुढचाही बसला, पण बोलणं काही झालं नाही. संध्याकाळी तिनं दिराला आणि नणंदेला फोन करून रविवारी जेवायला बोलावलं.

आजीची बाजू तिच्यापुरती सरळ होती. चौदा वर्षांपूर्वी, सकाळी साडेदहाला, लॅबच्या दारातच तिच्या थोरल्या मुलाला लोखंडी गजानं मारलं होतं. शेजारी इमारत बांधणाऱ्या कंत्राटदाराच्या पोरानं. भांडण हातभर भिंतीचं. खारू तेव्हा आठ वर्षांची होती. पुढचे दोन दात मोठे म्हणून बापानंच तिला खारू म्हणायला सुरुवात केली होती. तेव्हापासून आजीनं एक तारीख चुकवली नव्हती. तापात गेली होती, कोर्टाचा संप असताना गेली होती, न्यायाधीश रजेवर आहेत हे ठाऊक असतानाही गेली होती. आरोपीकडची आठ-आठ माणसं डबे घेऊन यायची. आपल्याकडचं एक तरी डोकं दिसायला हवं, नाहीतर फाईल पुन्हा कपाटात जाते, असं तिचं म्हणणं. वकीलबाईंनी अनेकदा समजावलं होतं की असं काही नसतं. आजी ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी जाऊन बसायची.

रविवारी जेवणं उरकेपर्यंत कुणी विषय काढला नाही. काकांना मात्र घास गिळवत नव्हता, कारण हा गुंता आपणच सोडवायचा असं ते घरून ठरवून आले होते. ताटं उचलल्यावर त्यांनी सांगून टाकलं की आई लग्नाला जाईल आणि कोर्टात आपण जाऊ. यावर सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. पाच वर्षांपूर्वी कोर्टाच्या व्हरांड्यात काकांनी आरोपीच्या भावाची गचांडी धरली होती. लेखी माफी द्यावी लागली होती, आणि वकीलबाईंनी हात जोडून सांगितलं होतं की तुम्ही आता घरीच बसा, त्यातच तुमच्या दादाचं भलं आहे.

"आता माझा रक्तदाब औषधानं आटोक्यात आहे," काका म्हणाले.

"औषधं विसरण्यात तुझा हात कोण धरणार," आत्या म्हणाली, आणि खारूला हसू आलं. काकांनाही आलं, पण त्यांनी ते दाबलं. शिवाय बाबांच्या जागी काकांनी उभं राहायचं हे खारूनं वर्षभरापूर्वीच ठरवलं होतं.

मग काकांनी दुसरी वाट काढली. लग्न पुढे ढकलू. मुलगा समजूतदार आहे. पण मुलगा जहाजावर बॉयलर सांभाळायचा आणि त्याचं जहाज त्याच आठवड्याच्या शनिवारी सुटणार होतं, ते आठ महिन्यांसाठी. खारू म्हणाली की आठ महिने म्हणजे काही जन्म नव्हे, आजी येणार नसेल तर ती थांबायला तयार आहे. आजीला ते पटलं होतं. आजी आणि काका एका बाजूला झाले आणि खारूही त्यांच्याकडे झुकली, हे खारूच्या आईनं पाहिलं.

ती सहसा बोलत नसे. नवरा गेल्यावर पहिली तीन वर्षं तीही सासूबरोबर तारखांना गेली होती. मग एक दिवस लॅबचं कुलूप उघडून तिनं त्याची हत्यारं पुसली आणि त्याच्याच जुन्या कामगाराकडून काम शिकायला बसली. तेव्हापासून ती कोर्टात गेली नव्हती. नातेवाइकांत बोलणं झालं होतं, की हिला आता त्याचं काही नाही. ते तिच्या कानावर आलं होतं आणि तिनं ते कानावरच ठेवलं होतं.

"आई," ती म्हणाली, "तुम्ही तिकडे बसलात म्हणून मी इकडे बसू शकले. हे मी कधी विसरणार नाही. पण मी आले नाही म्हणून मला कमी वाटलं, असं कुणी समजू नये. रोज त्याच्या खुर्चीवर बसते मी. पोरीच्या बारशापासून दहावीपर्यंत सगळं आपण तारखा बघून केलं. दहावीच्या निकालाला तुम्ही कोर्टात होतात. हे लग्न पुढे जाणार नाही, आणि तुमच्याशिवाय होणारही नाही."

"बारशाला तारखा नव्हत्या," आजी म्हणाली.

"चुकलं. पण बाकीचं खरं आहे ना?"

आजीला त्या क्षणी सुनेचा राग आला नाही, याचं तिलाच नवल वाटलं. चौदा वर्षं ही बाई खाली वाकून दात बसवत होती आणि आपण वर बसून पिशवीत कागद लावत होतो. जिन्यातली अकरा पावलं मध्ये होती, एवढंच.

तेवढ्यात खारूनं नको तो विषय काढला. नोंदणीला तीन साक्षीदार लागतात. काका एक, मुलाची मोठी बहीण दुसरी. तिसरे आतोबा असावेत अशी तिची इच्छा होती, आणि ती आजीनं आधीच मोडून काढली होती. खारूनं पुन्हा विचारलं.

"साक्षीला तोच माणूस सापडला?" आजी म्हणाली.

आत्यानं मांडीवरचा पदर उगाच सारखा केला.

आतोबा मूळचे या लॅबमधलेच. प्लास्टरचे साचे ओतायचे, थोरल्याचे जिवलग मित्र, मग या घरचे जावई. त्या सकाळी ते खिडकीशीच उभे होते. पोलिसांना त्यांनी सगळं सांगितलं होतं. चार वर्षांनी साक्षीच्या पिंजऱ्यात मात्र त्यांनी सांगितलं की मला तोंड दिसलं नाही. पलीकडच्या औषधाच्या दुकानातली परकी पोरगी उभी राहिली, तिनं बोट दाखवून सांगितलं, तिच्या साक्षीवर शिक्षा झाली. आणि घरच्या माणसाची दातखीळ बसली. त्या दिवसापासून आजी जावयाशी बोलली नव्हती. आतोबा आता इस्पितळात मोडलेल्या हातापायांना प्लास्टर घालायचे. आत्याला माहेरी सोडायला यायचे ते गल्लीच्या तोंडापर्यंत, आणि ती परत येईस्तोवर तिथेच एका पायरीवर बसायचे. आत्ताही बसले होते.

आत्याला वाटलं, दहा वर्षं गेली तशी आणखीही जातील. मग तिनं वहिनीकडे पाहिलं. वहिनी आत्ता जे बोलली ते बोलायला तिला अकरा वर्षं लागली होती. आपण तर तोंडच उघडलं नव्हतं.

"आई, त्यांनी नाही ठरवलं ते," आत्या म्हणाली. "मी ठरवलं."

आजीनं तिच्याकडे पाहिलं.

आत्यानं सांगितलं. साक्षीच्या आधीच्या आठवड्यात त्यांची मुलगी शाळेतून हातात चॉकलेटचा मोठा डबा घेऊन आली. एका काकांनी दिला, म्हणाले बाबांना सांग, आम्हाला तुझा वर्ग ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक डबा. तिसऱ्या दिवशी आत्या स्वतः शाळेच्या फाटकाशी उभी राहिली, तर समोर मोटारसायकलवर तो माणूस, आणि त्यानं हिला ओळखीचं हसून दाखवलं. पोलिसांकडे गेलो तर नोंद होईल, बंदोबस्त मिळेल, पण किती दिवस? नवरा म्हणत होता की मी खरंच सांगणार. रात्रभर तिनं त्यांचे पाय धरले. शेवटी मुलीची शपथ घातली.

"आणि तुला सांगायचं नाही, हेही मीच सांगितलं. ते म्हणाले, तुझ्या आईचा राग माझ्यावर राहू दे, तुझं माहेर तुटायला नको." तिचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त सावकाश. "दादा माझाही भाऊ होता, आई. मी त्याला विकलं. पण पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच करीन, हेही तुला सांगते."

काका उठून खिडकीशी गेले. खारूच्या आईनं नणंदेच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

आजीनं विचारलं, "केवढी होती तेव्हा पोर?"

"आठ वर्षांची. दादा गेला तेव्हा खारू होती तेवढीच."

आजी स्वतःच्या हातांकडे बघत बसली. रागाला एक जागा होती, दहा वर्षं वापरून गुळगुळीत झालेली, आणि आता तिथे कुणाला बसवावं हे तिला कळेना. लेकीला बसवून पाहिलं. ती बसेना. मग मोटारसायकलवरच्या माणसाला बसवलं, तो तिथे बरोबर बसला.

"कुठे आहेत ते?" तिनं विचारलं.

"कोपऱ्यावर. नेहमीसारखे."

"बोलव त्यांना. ऊन किती आहे."

बोलवायला खारू गेली. आतोबांना वाटलं, वर कुणाला तरी बरं नाही. ते तिच्यामागून भराभर आले, लॅबच्या दारात मात्र पाय अडखळले. ओल्या प्लास्टरचा आणि तापलेल्या मेणाचा वास तसाच होता. खिडकीकडे त्यांनी पाहिलं नाही. वर आल्यावर कुठे बसावं ते समजेना म्हणून उभेच राहिले. बायकोचे डोळे पाहून काय झालं असावं ते त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांचा चेहरा असा पडला की जणू चोरी पकडली गेली.

"त्या मंगळवारी रजा मिळेल का तुम्हाला?" आजीनं विचारलं. दहा वर्षांत पहिल्यांदा ती त्यांच्याकडे बघून बोलत होती.

"रजा टाकलीय मी," ते म्हणाले. "खारूनं विचारलं होतं सहीसाठी. पण तुमची इच्छा नसेल तर..."

"लग्नाला नाही. कोर्टात."

आतोबांनी घसा खाकरला. "मला तिथे बोलू देतील?"

"नाही. आता कुणी बोलायचं नसतं, बोलायचं ते वकील बोलतात. नुसतं बसायचं. पण बसायचं."

"बसतो," ते म्हणाले.

मग आजीनं त्यांना सगळं समजावून दिलं, आणि ते इतकं बारीकसारीक होतं की काका मागे वळून ऐकू लागले. खोली बावीस. दहाच्या आत पोचायचं. डावीकडचा तिसरा बाक धरायचा, चौथा नको, तिथे खांब आड येतो. मोबाईल बंद. दारावरच्या शिपायाच्या मुलीला नुकतं बाळ झालंय, त्याची चौकशी करायची, म्हणजे आपला नंबर कधी येणार ते तो सांगतो. जेवायच्या सुटीत उठायचं नाही, परत येईस्तोवर बाक जातो. आरोपीच्या माणसांकडे बघायचं नाही, आणि त्यांनी बघितलं तर मान खाली घालायची नाही.

आतोबांनी खिशातून इस्पितळाची एक जुनी चिठ्ठी काढून तिच्या मागे हे सगळं लिहून घेतलं. शेवटच्या वाक्यापाशी त्यांचं पेन थोडं थांबलं. पण तेही त्यांनी लिहिलं.

लग्नाच्या दिवशी आजी सकाळपासून अस्वस्थ होती. दहाला तिनं घड्याळ पाहिलं आणि म्हणाली, पोचले असतील. साडेदहाला म्हणाली, बाक मिळाला असेल की नाही कोण जाणे. खारूच्या आईनं तिला नवी साडी नेसवली आणि गाडीत आपल्या शेजारी बसवलं. नोंदणी कार्यालयाच्या बाहेर बाकं होती, पुकारा करणारा शिपाई होता, भिंतीवर त्या दिवसाच्या नावांची यादी होती. आजीचा जीव एकदम थाऱ्यावर आला. या जागेची तिला सवय होती. तिनं यादीत खारूचं नाव शोधून काढलं, चौथा नंबर, आणि शिपायाला विचारून आली की साहेब वेळेवर आलेत का.

तिसरी सही आतोबांच्या जागी आजीनं करायची होती. कारकुनानं बोट ठेवून दाखवलं, इथे. आजीनं चष्मा लावला आणि फॉर्म पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. मागे ताटकळलेली जोडपी चुळबुळ करू लागली. कारकून म्हणाला, आजी, यात वाचण्यासारखं काही नाही. आजी म्हणाली की तिनं बघितलेल्या प्रत्येक कागदाबद्दल तिला हेच सांगण्यात आलं होतं. तिसऱ्या ओळीत तिनं चूक काढली. नवऱ्या मुलाचं जन्मसाल चुकून दहा वर्षं पुढचं लिहिलेलं, त्या हिशेबानं तो अजून शाळेत होता. खारू हसून हसून खुर्चीत बसली. कारकुनानं नवा फॉर्म आणला. आजीनं तोही वाचला, मग सही केली, संपूर्ण नावानिशी आणि खाली ठळक रेघ ओढून. सही झाल्यावर पेन कारकुनाला परत न देता ती क्षणभर तशीच वाकून राहिली. आतापर्यंत तिनं केलेल्या सगळ्या सह्या एका मुलासाठी होत्या. ही त्याच्या मुलीसाठी होती. तिला बरं वाटत होतं, आणि बरं वाटल्याची लाज वाटत नव्हती.

दुपारी हॉलमध्ये जेवणं झाली. चारपर्यंत पाहुणे पांगले. नवऱ्या मुलाकडची माणसं निघाली, आणि संध्याकाळी खारू व तिचा नवरा पुन्हा घरी आले, कारण खारूला कोर्टात काय झालं ते कळल्याशिवाय कुठे जायचं नव्हतं. आतोबांचा फोन बंदच होता.

ते सहाच्या सुमारास आले. सकाळी घातलेला इस्त्रीचा शर्ट पार चुरगळलेला. जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच त्यांनी सांगितलं, "अपील फेटाळलं. शिक्षा कायम."

काका खाली बसले. आतोबांनी मग सविस्तर सांगितलं. सव्वातीनला नंबर लागला. आरोपीच्या वकिलानं आणखी एक तारीख मागितली, ती न्यायाधीशांनी दिली नाही. तासभर ऐकून घेतलं, मध्ये औषधाच्या दुकानातल्या मुलीची साक्ष मोठ्यानं वाचली गेली. मग तिथेच बसल्या बसल्या निकाल सांगितला. वकीलबाई म्हणाल्या की याच्याही वर जायचा रस्ता त्यांना आहे, पण तिथे फारसं कुणी उभं करत नाही.

"माझीही साक्ष वाचली," आतोबा म्हणाले. "मला तोंड दिसलं नाही, ते. मी मान खाली घातली नाही." थोडं थांबून म्हणाले, "एवढंच जमलं."

"मग आता तारीख नाही?" आजीनं विचारलं.

"नाही."

आजीनं मान हलवली. आनंद होईल असं तिला चौदा वर्षं वाटत होतं. झाला तो आनंद नव्हता. दिवसभर डोक्यावर वाहिलेलं ओझं उतरवल्यावर मान हलकी होते आणि दुखतेही, तसं काहीतरी होतं. मुलगा काही परत आला नव्हता. तो येणार नाही हे तिला माहीत होतं, पण तारीख असेपर्यंत कुठेतरी त्याचं काम चालू होतं. तिनं आत जाऊन आतोबांसाठी ताट वाढलं आणि स्वतः आणून त्यांच्यासमोर ठेवलं. सकाळपासून उपाशी होते ते, कारण सुटीत उठायचं नाही असं तिनंच बजावलं होतं.

"काय म्हणत होते त्याच्याबद्दल?" तिनं विचारलं. "वकील लोक."

"मयत," आतोबा म्हणाले. "मयत इथे उभा होता, मयताच्या डोक्याला. तासभर मयत, मयत. मला वाटत होतं उठून सांगावं, अहो, तो असा नव्हता. त्याची सगळ्यात मोठी गोष्ट मरण नव्हती. त्या कॉर्नेटवाल्याची गोष्ट सांगितली असती तर न्यायाधीशसुद्धा हसले असते."

"कुठला कॉर्नेटवाला?" खारूनं विचारलं.

आतोबांनी सगळ्यांकडे पाहिलं. "माहीत नाही तुम्हाला?"

कुणालाच माहीत नव्हतं. चौदा वर्षांत या घरातल्या त्याच्या सगळ्या गोष्टी सांगून झाल्या होत्या. कोणती कुठे संपते, कुठे हसायचं आणि कुठे गप्प बसायचं, सगळ्यांना पाठ होतं. नवी गोष्ट कुणाकडे असेल असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. आणि जो माणूस रोज दहा तास त्याच्यासमोर बसायचा त्याला दहा वर्षं गल्लीच्या तोंडाशी बसवून ठेवलं होतं.

"बँडमध्ये कॉर्नेट वाजवणारा एक म्हातारा होता," आतोबा म्हणाले. "त्याला दादानं कवळी करून दिली. म्हातारा दुसऱ्या दिवशी परत. म्हणाला, खाता येतं, बोलता येतं, वरचा सूर लागत नाही. डॉक्टर म्हणाले सोडून द्या. दादा कसला सोडतोय. म्हाताऱ्याकडून कॉर्नेटच मागून घेतलं. ओठ कुठे टेकतात ते स्वतःला कळल्याशिवाय दात कुठे घासायचे ते कसं कळणार, म्हणे. आठवडाभर जेवायच्या सुटीत खाली दार लावून वाजवत होता."

"वाजवायचे बाबा?" खारू म्हणाली.

"वाजवत कसला. म्हैस अडल्यासारखा आवाज यायचा. ओठ सुजून एवढे झाले होते."

खारूची आई एकदम सरळ झाली. "गांधीलमाशी," ती म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"मला म्हणाला, गांधीलमाशी चावली. आठवडाभर मी हळद लावत होते त्याच्या ओठांना." तिनं तोंडावर हात ठेवला, आणि तो हात हलायला लागला, तेव्हा ती रडतेय की काय म्हणून आजी पुढे झाली. पण ती हसत होती. कित्येक वर्षांत कुणी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. डोळे पुसत ती म्हणाली, "खोटारडा. आणि रोज संध्याकाळी तो ओठ पुढे करून बसायचा, लाव म्हणून."

"लागला का मग सूर?" आजीनं विचारलं.

"लागला की. म्हाताऱ्यानं लॅबच्या मधोमध उभं राहून वाजवून दाखवलं. दादा नाचला. हातात माझा ओला साचा होता, तो पडला आणि फुटला. समोरच्या इमारतीच्या मालकीणबाईंच्या जबड्याचा होता. पुन्हा माप घ्यायला जावं लागलं, तर तिथे दादानं काय सांगितलं माहितीय?"

"आधी दोन घास खा," आजी म्हणाली आणि पाट ओढून त्यांच्यासमोर बसली. "मग सांगा. सावकाश सांगा."

आतोबांनी दोन घास खाल्ले. सगळे थांबले होते.